पोतेऱ्यापर्यंत

गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत समोरच्या फ्लॅटमधल्या ताईंनी कपाट रिकामं केलं आणि साड्यांनी गच्च भरलेली पिशवी घेऊन त्या आमच्याकडे आल्या. माझी आई गोधड्या शिवते हे सोसायटीत एव्हाना सगळ्यांना ठाऊक झालंय. दुपारची ती बाल्कनीत सतरंजी टाकून बसते, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, दाभण केसांत खोचलेला, आणि पुढ्यात कापडाचा पसारा. ताईंच्या मनात काही वाकडं नव्हतं. "काकू, एकदोनदाच नेसलेल्या आहेत हो. फेकवत नाहीत. तुम्हाला गोधडीला होतील, आणि कचराही व्हायला नको." आईनं पिशवीकडे बघितलं, पण हात लावला नाही. "ऱ्हाऊ द्या ताई, आमच्याकडं हायेत," म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली. चहा झाला, गुडघ्यांची विचारपूस झाली, फराळाची देवाणघेवाण झाली, आणि पिशवी आली तशी परत गेली. दार लागल्यावर मी आईकडे नुसतं बघितलं. "दुसऱ्याचं उतरलेलं घरात आणायचं नाही," ती कप विसळता विसळता म्हणाली. "वाकळंला बी नाही."

तेव्हापासून ती पिशवी काही माझ्या डोक्यातून जात नाही.

कारण वस्तू वाया न घालवणं हे आईला कोणी शिकवावं, अशी परिस्थितीच नाही. लातूरकडच्या आमच्या गावात आजीकडे दोन लुगडी होती, एक अंगावर आणि एक वलणीवर. लुगडं मधे विरलं की ती ते फाडून दोन्ही चांगले काठ एकत्र आणायची, दांड घालायची, आणि आणखी वर्षभर ते चालायचं. मग त्याची झोळी व्हायची, दुपटी व्हायची. घरात जे लेकरू जन्मेल ते आजीच्या जुन्या लुगड्यात, कारण नवं कापड लेकराच्या अंगाला टोचतं. त्यानंतर वाकळ. मातीत आणि घामात धुऊन धुऊन मऊ पडलेल्या त्या कापडाला एक वास असायचा, धुराचा, थोडासा तेलाचा, थोडा आजीच्या मिसरीचा. थंडीत तोंडावरून ओढून घेतली की त्या वासातच झोप लागायची. वाकळ विरली की तिचे थर सुटे करून बरे तुकडे नव्या वाकळेच्या पोटात जायचे, उरलेले उंबऱ्यात पाय पुसायला. आणि अगदी शेवटी पोतेरं. चुलीला आणि भिंतीच्या बुडाला पांढऱ्या मातीचं पोतेरं फिरवताना आजीचा हात ज्या लयीत जायचा, ती लय मला अजून आठवते. पोतेऱ्याच्याही चिंध्या झाल्या की त्या शेण-मातीच्या काल्यात मिसळून कणगीला नाहीतर भिंतीच्या भेगेत. एखादं लुगडं गेलं कुठे असं विचारलं असतं, तर आजीनं भिंतीकडे बोट दाखवलं असतं.

ही उतरंड पुढे मला भलत्याच ठिकाणी भेटली. आमच्या विहारात वर्षावासाच्या, म्हणजे पावसाळ्यात भिक्खूंनी एका जागी राहण्याच्या, तीन महिन्यांत, आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, संध्याकाळी बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म'चं वाचन चालतं. एका वर्षी मुक्कामाला आलेल्या भन्तेजींनी वाचन संपल्यावर विनयपिटकातली, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथातली, एक गोष्ट सांगितली. बुद्धांच्या महापरिनिर्वाणानंतरची. बुद्धांचे शिष्य आनंद कौशांबीला आलेले आणि राजा उदयनाच्या बागेजवळ एका झाडाखाली बसलेले. राजाच्या राण्या तिथे आल्या, त्यांनी उपदेश ऐकला आणि आनंदून पाचशे वस्त्रं दान करून टाकली. राजाला हे कळल्यावर तो चिडला. एवढी वस्त्रं घेऊन हा श्रमण करणार काय? कापडाचा धंदा करणार की दुकान थाटणार? (इथे विहारातली कापड दुकानात कामाला असलेली दोघं-तिघं जोरात हसली.) राजा स्वतः आनंदांकडे गेला आणि त्यानं तोंडावर विचारलं. आनंद म्हणाले, ज्या भिक्खूंची चीवरं, म्हणजे अंगावरची वस्त्रं, जीर्ण झालीत त्यांना वाटू. आणि त्यांच्या जुन्या चीवरांचं? अंथरुणावर घालायला. जुन्या अंथरुणांचं? गाद्यांचे अभ्रे. जुन्या अभ्र्यांचं? खाली जमिनीवर पसरायला. त्यांचं? पायपुसणी. जुन्या पायपुसण्यांचं? धूळ झटकायची फडकी. आणि त्या फडक्यांचं काय करणार? त्यांचे तुकडे करू, चिखलात मळू आणि जमीन लिंपू. राजाला हे इतकं पटलं की त्यानं आणखी पाचशे वस्त्रं दिली.

शेवटची ओळ ऐकून मी मनात हसले होते. काटकसरीचं बक्षीस म्हणून पुन्हा तेवढाच माल! पण त्या गोष्टीतली खरी मजा राजाच्या प्रश्नांत आहे. तो एका उत्तरावर थांबत नाही. चांगल्या कामाला दिलं, वाटून टाकलं, एवढ्यावर त्याचं समाधान होत नाही. पुढे काय, त्यापुढे काय, असं विचारत तो थेट मातीपर्यंत येतो. आणि आनंदही चिडत नाहीत, 'आम्ही भिक्खू, आम्हाला काय विचारता' असं म्हणत नाहीत. त्यांच्याकडे प्रत्येक पायरीचं उत्तर तयार आहे, कारण संघ रोज तसाच जगत होता.

साड्यांची पिशवी परत गेल्यावर मी ही गोष्ट आईला पुन्हा सांगितली. हेतू सरळ नव्हता, हे तिच्याही लक्षात आलं असावं. तिनं सगळी ऐकून घेतली. "मग? आपण काय निराळं करत होतो?" म्हणाली. जरा वेळानं तांदूळ निवडता निवडता मान वर न करता तिनं विचारलं, "त्या राण्यांनी जुनी दिली होती का?" मी म्हटलं, तसं काही सांगितलेलं नाही. "नसतीलच," आई म्हणाली.

तिच्या त्या एका शब्दामागे किती काय आहे, ते माझ्या पिढीला अर्धंमुर्धंच माहीत आहे. गावकीच्या कामाच्या बदल्यात आमच्या माणसांच्या वाट्याला जे यायचं, त्यात उरलेली भाकरी होती, मेलेलं जनावर होतं आणि मढ्यावरचं कापडही होतं. प्रेतावरून काढलेलं कापड हा 'हक्क' होता. आणि दुसरीकडे धम्माच्या ग्रंथांत भिक्खूचं सगळ्यांत मानाचं वस्त्र कोणतं, तर पांसुकूल: धुळीतून, उकिरड्यावरून, स्मशानातून वेचलेल्या चिंध्या धुऊन शिवलेलं चीवर. कापड एकच, जागाही एकच, स्मशान. पण जो सिद्धार्थ काशीची तलम वस्त्रं नेसून तीन ऋतूंच्या तीन महालांत वाढला, त्यानं ते उचललं. आणि माझ्या पणज्याच्या खांद्यावर ते टाकलं गेलं. उचलणं आणि अंगावर पडणं यांतला फरक ज्याला कळत नाही, त्यानं मला कमीत कमी गरजांत जगण्याचं तत्त्वज्ञान सांगू नये, असं मला फार वाटतं. इंटरनेटवर हल्ली ते फार सांगितलं जातं. पांढऱ्या भिंती, लाकडी पाट, एक बुद्धमूर्ती, एक मातीचा मग. बुद्धमूर्तीचा बिचारीचा त्यात काय दोष!

बाबासाहेबांनी मार्च १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचं पाणी उचललं, त्याच परिषदेत मेलेल्या जनावराचं मांस सोडा, उष्टं-शिळं मागणं सोडा, असंही सांगितलं होतं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात पुन्हा महाडलाच बायकांपुढे बोलताना त्यांनी साडी नेसण्याची पद्धत बदलायला सांगितलं, अंगावरचे जातीची ओळख सांगणारे दागिने टाकायला सांगितलं. तिथल्या बायकांनी त्याच मुक्कामात नेसणं बदललं, असं सांगतात. आज पर्यावरणाच्या चष्म्यातून बघणारा कोणी म्हणेल, अरे, मेलेलं जनावर वाया न जाऊ देणं, उरलेलं अन्न पोटात जाणं, जुनं कापड पुन्हा वापरणं, ही तर आदर्श व्यवस्था! होतीच. सगळ्या गावाचा कचरा पचवणारी उत्तम व्यवस्था, आणि ती एका वस्तीच्या पाठीवर उभी होती. ती मोडणं हे आमचं पहिलं धर्मकार्य होतं. बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात स्पष्ट लिहून ठेवलंय की बुद्धांनी दारिद्र्याला कधी पवित्र ठरवलं नाही. धन मिळवा, पण ते विनयाच्या, म्हणजे सदाचाराच्या नियमांच्या, मर्यादेत मिळवा. चौदा ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला जमलेली माणसं पांढरे कपडे घालून आली होती. कित्येकांनी त्यासाठी घरातलं किडूकमिडूक विकलं होतं, हे आमच्याकडे घराघरांत सांगितलं जातं.

कमीत जगा, हे कोणी कोणाला सांगायचं?

या प्रश्नाचा पिच्छा पुरवत मी विनयाकडे पुन्हा वळले, आणि या खेपेला मला त्यात वेगळंच काहीतरी दिसलं. बौद्ध धम्म म्हणजे निसर्गप्रेम, बोधिवृक्ष, करुणा, वगैरे आपण सहज बोलून जातो. पण भिक्खूंचे जे नियम झाडापाण्याशी संबंधित आहेत, ते बहुतेक कोणीतरी तक्रार केली म्हणून झाले आहेत. वर्षावासाचंच बघा. बुद्ध राजगृहात असताना भिक्खू हिवाळा-उन्हाळा-पावसाळा, बारमाही हिंडत. लोक कुरकुरू लागले: हे शाक्यपुत्रीय श्रमण भर पावसात हिरवं गवत तुडवतात, एकेंद्रिय (झाडाझुडपांसारखे) जीव चिरडतात, बारीकसारीक किडामुंगी मारतात, दुसऱ्या पंथाचे लोकसुद्धा पावसाळ्यात एका जागी राहतात, अहो, पाखरंदेखील झाडाच्या शेंड्यावर घरटं बांधून बसतात, यांनाच काय झालंय? ही कुरकुर बुद्धांच्या कानावर गेली आणि तीन महिने एका जागी राहण्याचा नियम झाला. आम्ही जो वर्षावास इतक्या भक्तीनं पाळतो, त्याच्या मुळाशी चिडलेल्या लोकांची तक्रार आहे. मला हे फारच आवडतं.

झाडाचंही तसंच. आळवी इथे एक भिक्खू विहाराच्या बांधकामासाठी झाड तोडत होता. त्या झाडावर राहणारी देवता म्हणाली, तुझ्या घरासाठी माझं घर पाडू नकोस. त्यानं ऐकलं नाही, आणि कुऱ्हाड तिच्या लेकराच्या हाताला लागली. तिच्या मनात आलं, याला इथेच संपवावं. पण ती थांबली आणि बुद्धांकडे गेली. बुद्ध तिला म्हणाले, बरं केलंस थांबलीस ते. आणि तिला दुसरं एक रिकामं झाड दाखवलं. (पुनर्वसन इतक्या लवकर झाल्याचं हे बहुधा एकमेव उदाहरण.) मग लोकांनीही नावं ठेवली, आणि नियम झाला की भिक्खूनं वनस्पती तोडणं हा दोष. त्यात बुद्धांनी दिलेलं कारण मला थबकवून गेलं. झाडात जीव आहे, असा निवाडा ते इथे देत नाहीत. ते म्हणतात, झाडात जीव आहे असं लोक मानतात. म्हणजे झाडाच्या जीवाचा वाद बाजूला राहू द्या. ज्यांच्यात तुम्ही राहता, ज्यांचं खाता, त्यांना जे दुखतं ते तुम्ही करायचं नाही. हिरव्या गवतावर किंवा पाण्यात थुंकायचं नाही, लघवी करायची नाही, हेही भिक्खूंच्या शिस्तीत लिहून ठेवलंय. इतक्या क्षुल्लक गोष्टी बुद्धांनी का सांगाव्यात, असं लहानपणी वाटायचं. आता आमच्या सोसायटीच्या मागची नदी बघताना तसं वाटत नाही.

आणि पाणी गाळण्याची गोष्ट तर मी कोणालाही सांगायला एका पायावर तयार असते. भिक्खूच्या मोजक्या वस्तूंमध्ये भिक्षापात्र, चीवरं, कमरेचा पट्टा, वस्तरा, सुई आणि पाणी गाळायचं फडकं असतं. पाण्यातले जीव पोटात जाऊ नयेत म्हणून. कोसल देशात दोन भिक्खू वाटेनं चालले होते. एकाकडे गाळणं होतं, दुसऱ्याकडे नव्हतं. दोघांचं आधी बिनसलेलं. दुसऱ्यानं मागितलं तर पहिल्यानं दिलं नाही, आणि न गाळलेलं पाणी न पिता तो दुसरा तहानेनं मेला. यावर बुद्धांनी काय करावं? त्या मेलेल्या भिक्खूच्या नियमनिष्ठेचे गोडवे गायले नाहीत. वाटेत सोबत्यानं मागितलं तर गाळणं द्यायलाच हवं, आणि गाळणं नसेल तर चीवराच्या कोपऱ्यानं गाळीन असं मनाशी ठरवून निघावं, अशी सोय करून दिली. पाण्यातल्या किड्याचा जीव मोलाचा, पण त्या नावाखाली सोबतीचा माणूस तहानेनं मारायचा नाही. ज्या समाजाला तळ्यावर पाणी पिऊ दिलं जात नव्हतं, त्याच्या पोरीला ही गोष्ट कुठे जाऊन लागते, हे वेगळं सांगायला नको.

कान्हेरीला आईला घेऊन गेले होते तेव्हा हीच गोष्ट डोक्यात होती. शंभरावर लेणी, आणि लेण्यालेण्याला पाण्याची कोरीव टाकी. बोरिवलीचा तो धो धो पाऊस कातळावरून वाहून जाऊ नये म्हणून डोंगराच्या अंगावर बारीक पन्हाळी खोदलेली, एकेक थेंब वळवून टाक्यात आणलेला. तिथल्या ब्राह्मी लेखांत या टाक्यांना 'पोढी' म्हटलंय. कल्याणच्या, सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांनी, गृहस्थांनी, बायकांनीही लेणी आणि पोढ्या दान दिल्याचे लेख आहेत. मे महिना होता, तरी एका टाक्याच्या तळाशी गार, काळं पाणी होतं, आणि त्यावर शीतपेयाची एक बाटली तरंगत होती. आई कठड्याशी वाकून बराच वेळ बघत राहिली. मी तिला दानाचं सांगितल्यावर ती म्हणाली, "हे बघ, असं द्यावं माणसानं." खाली आल्यावर तिनं दहा रुपयांचा पेरू पाच रुपयांना मागितला, हेही सांगायला हवं, नाहीतर तिचा उगीच पुतळा व्हायचा.

कापडाचा विषय निघालाच आहे तर थायलंडबद्दल. नोव्हेंबर १९८८ मध्ये त्या देशाच्या दक्षिणेत पूर आला, उघड्या बोडक्या डोंगरांवरून माती आणि तोडून ठेवलेले ओंडके गावांवर आले, शेकडो माणसं गेली. त्यानंतर जानेवारी १९८९ मध्ये सरकारनं जंगलतोडीच्या ठेक्यांवर बंदी घातली. याच काळात उत्तरेकडच्या फायाओ आणि नान भागातल्या भिक्खूंनी एक अजब गोष्ट सुरू केली. जंगलातल्या सगळ्यांत मोठ्या झाडाला ते भगवं चीवर गुंडाळू लागले, जणू त्याला प्रव्रज्याच दिली. चीवर नेसलेल्या झाडावर कुऱ्हाड घालायला ठेकेदाराच्या माणसाचाही हात धजेना. विनयाच्या जाणकारांनी नाकं मुरडली, कारण दीक्षा माणसालाच देता येते, झाडाला कसली दीक्षा! त्या भिक्खूंनाही हे माहीत होतं. काही थोडक्यात सुटले नाहीत. बुरिराम भागात दोंग याई जंगलासाठी गावकऱ्यांबरोबर उभे राहिलेले भिक्खू प्राजक यांना १९९१ मध्ये अटक झाली आणि पुढे त्यांनी चीवरच उतरवलं. झाडाला गुंडाळलेलं चीवर मला भाबडं वाटत नाही, ते याचमुळे. तिथे जंगल गावाचं होतं, ते लुटणारे बाहेरचे आणि वरचे होते, आणि भिक्खू गावाच्या बाजूनं प्रश्न विचारत होते. उदयन राजानं आनंदांना विचारलं तसंच, फक्त दिशा उलटी. या झाडांचं तुम्ही काय करणार? आणि मग त्याचं काय?

ताईंच्या साड्यांचं पुढे असं झालं. आठवडाभरानं आई स्वतःच त्यांच्या दारात गेली आणि म्हणाली, तुमच्याच साड्यांच्या गोधड्या तुमच्याच घराला शिवून देते, मजुरी मात्र घेईन. आकडाही सांगितला, आणि तो ऐकून मीच दचकले. ताई खूश झाल्या. पिशवी पुन्हा आमच्याकडे आली, या खेपेला गिऱ्हाईकाचा माल म्हणून. आणि आता आईची खरी कुरकुर सुरू झाली. पिशवीतल्या बहुतेक साड्या पॉलिस्टरच्या. दोरा सरकतो, थर घसरतो, घाम टिपत नाही, ऊब धरत नाही. तिनं सुती होत्या तेवढ्या वेगळ्या काढल्या, फार थोड्या निघाल्या. उरलेल्यांपैकी एक बोटांत चुरगाळून ती म्हणाली, "ह्याचं पोतेरं बी व्हत नाही बग." मी हसले, पण ते हसू पुढे टिकलं नाही. आनंदांच्या उतरंडीची शेवटची पायरीच इथे गायब होती. चीवर, चादर, अभ्रा, पायपुसणं, इथपर्यंत कसंबसं नेता येईल. पण तुकडे करून चिखलात मळून जमीन लिंपायची म्हटलं, तर ही साडी त्या चिखलात आपल्या सगळ्यांच्या नंतरही तशीच राहणार. आजीच्या लुगड्याची भिंत झाली. ह्या साडीचं काहीच होत नाही. बोहारीणही हल्ली असल्या साड्यांना नाक मुरडते. दुकानात आपण पोत बघतो, रंग बघतो, सवलत बघतो. हिचं पुढे काय, हे कोणी उदयन शेजारी उभा राहून विचारत नाही. विचारलं तर आपण त्याला आगाऊ म्हणू.

आणि विचारणारा कोण, यावर सगळं अडतं. हे मला गेल्या महिन्यात गावी गेले तेव्हा चांगलंच कळलं. जयंतीच्या तयारीची बैठक होती, विहारासमोरच्या मांडवात. माझ्या चुलतभावानं विषय काढला, की दरवर्षी एवढे फ्लेक्स लावतो, यंदा कमी करू, कापडी लावू. फ्लेक्सचा एक गुण मान्य करायला हवा: जयंती झाली की ते वाया जात नाहीत. पावसाळ्याआधी पत्र्यावर अंथरले जातात, जळणावर टाकले जातात, खळ्यात हरभरा वाळवायला खाली पसरतात. आमच्या वस्तीत अर्ध्या छपरांवर कुठल्या ना कुठल्या साली शुभेच्छा दिलेल्या माणसांची तोंडं आभाळाकडे बघत असतात. पण दोन-तीन उन्हाळ्यांत त्यांचे तुकडे पडतात आणि ते तुकडे वाऱ्यानं रानभर होतात. चुलतभाऊ हेच सांगत होता, तेवढ्यात मागून एक पोरगा उठला. कॉलेजात शिकणारा, तापट, आणि बोलायला पक्का. "बाकीच्यांच्या मिरवणुकांना कोण विचारतंय? सहा डिसेंबरला लोक चैत्यभूमीला गेले की दादरवाल्यांना कचरा दिसतो. बाकी वर्षभर दिसत नाही. आता आपण पण आपल्याच माणसाला विचारायचं का?" टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, कारण तो खोटं बोलत नव्हता. नाक मुरडून आलेला प्रश्न आणि आपलं मानून आलेला प्रश्न, शब्द तेच असले तरी ऐकणाऱ्याच्या कानाला त्यांतला फरक बरोबर कळतो. राजगृहाचे लोक कुरकुरले, पण तेच लोक भिक्खूंच्या पात्रात रोज भात वाढत होते. दादरच्या खिडकीतून नाक धरणाऱ्याचं आमच्याशी तसं काय नातं?

पण मग आमच्या शिवारात आमच्याच फ्लेक्सचे तुकडे उडतात, त्याबद्दल आम्हाला विचारणार कोण? दुसऱ्यांनी विचारलं की अपमान, आणि आपल्यातल्या कोणी विचारलं की तो त्यांच्या बाजूचा; अशानं तर प्रश्नच शिल्लक राहत नाही. मला हे बोलायचं होतं, जमलं नाही. बोलली ती माझी आई, बायकांच्या रांगेतून, बसल्या बसल्याच. "बाबासाहेबांचा फोटो दोन वर्षांनी फाटून गटारीत जातो, त्याचं काय करणार हायेस ते सांग आधी." पोरगा गप्प झाला नाही, तो गप्प होणाऱ्यांतला नाही. पण त्याचा सूर बदलला आणि भांडण खर्चावर आलं, म्हणजे मार्गी लागलं. कापडी फलकाला पैसे जास्त पडतात, रंग उडतो, पावसाचा भरवसा नाही, तालुक्याला रंगवणारा पेंटर आता उरलाय का, असं बरंच काही निघालं. शेवटी ठरलं की कमानीचा मोठा फलक सुती कापडावर रंगवून घ्यायचा, आणि त्यावर साल टाकायचं नाही, म्हणजे पुढची काही वर्षं तोच निघेल. पेंटर शोधायचं काम त्या पोरावरच टाकलं. फलकावर बाबासाहेब आणि बुद्ध यांच्याखाली शुभेच्छुक म्हणून कोणाकोणाचे फोटो घ्यायचे, यावर मात्र एकमत झालेलं नाही. त्यासाठी रविवारी पुन्हा बैठक आहे.